नेब्युलायझर चालू होतो, आवाज येतो, पण वाफ येत नाही: घरी काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

मिरजेत वैद्यकीय उपकरणांच्या दुरुस्तीचं काम करतो. नेब्युलायझरबद्दल, म्हणजे औषधाची वाफ करून ती श्वासातून देणाऱ्या मशीनबद्दल, वर्षभरात सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार एकच: "मशीन चालतंय, पण वाफ येत नाय." दिवाळी झाली, थंडी पडली की हे सुरू होतं, आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा एकदा. महिनोन्‌महिने माळ्यावर पडलेली मशीन तेव्हाच खाली उतरतात. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मशीनच्या पोटात काहीही बिघडलेलं नसतं. दोष असतो औषधाच्या कपात, नळीत नाहीतर फिल्टरमध्ये. या तिन्ही गोष्टी घरच्या घरी तपासता येतात.

मला साफ बंद पडलेल्या मशीनची तेवढी काळजी वाटत नाही. ते बंद आहे हे सगळ्यांना दिसतं आणि लोक लगेच दुसरी सोय करतात. काळजी अर्धवट चालणाऱ्या मशीनची वाटते. आवाज येतो, थोडी वाफ दिसते, घरच्यांना वाटतं औषध दिलं. प्रत्यक्षात निम्मं औषध कपातच राहिलेलं असतं आणि लेकराची छाती रात्रभर घरघरत राहते.

आधी माणूस, मग मशीन

पेशंटला दम लागलेला असताना मशीन उघडून बसू नका. डॉक्टरांनी इन्हेलर आणि स्पेसर (इन्हेलरला जोडायची पोकळ नळी) लिहून दिला असेल तर सांगितल्याप्रमाणे तो लगेच द्या. एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ किंवा नखं निळसर पडलीत, श्वास घेताना बरगड्यांच्या मधली आणि गळ्याखालची जागा आत ओढली जातेय, बाळ दूध ओढत नाही, पेशंट गुंगीत जातोय, यांतलं एकही लक्षण दिसलं तर मशीन तिथेच सोडा आणि दवाखाना गाठा, किंवा १०८ ला फोन करा. एक नेब्युलायझेशन देऊन चार तासांच्या आत पुन्हा तेवढाच दम लागत असेल, तरी घरी वाट बघत बसू नका. ती मशीनची तक्रार नाही, दमा वाढल्याची खूण आहे.

लक्षणं

खाली लिहिलेलं सगळं कॉम्प्रेसरच्या मशीनबद्दल आहे, म्हणजे घरगुती वापरात सर्रास दिसणारं, घर्र आवाज करणारं, नळीने कपाला जोडलेलं मशीन. तक्रारी साधारण अशा असतात:

- आवाज नेहमीसारखा, पण वाफ अजिबात नाही.
- वाफ येते पण विरळ. पूर्वी दहा मिनिटांत संपणारं औषध आता वीस-पंचवीस मिनिटं घेतं.
- वाफ मध्येच थांबते आणि कप हलवला की पुन्हा येते.
- काही मिनिटं चालून मशीन आपोआप बंद पडतं.
- आवाज वाढलाय किंवा खडखड येतेय.
- वाफ भरपूर दिसते, पण पेशंटला उतार नाही.

शेवटच्या तक्रारीचं कारण मशीनमध्ये क्वचितच असतं. तिच्याकडे पुढे वेगळं येतो.

आत काय घडतं हे समजलं की पुढच्या तपासण्या आपोआप कळतात. मशीन फक्त हवा दाबून देतं. कपाच्या तळाशी मधोमध एक उभी नळकांडी असते आणि तिच्या टोकाला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र. त्यातून हवा जोरात सुटली की तिथला दाब कमी होतो, बाजूचं औषध वर खेचलं जातं आणि फुटून त्याचे बारीक थेंब होतात. वर बसवलेल्या छोट्या टोपीवर मोठे थेंब आपटून खाली पडतात, बारीक तेवढे वर जातात. छातीत खोलवर उतरायला थेंब १ ते ५ मायक्रॉनचा लागतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याहून मोठा घशातच चिकटतो. ही वाफ गरमही नसते, ती औषधाची धुकट फवारणी आहे. म्हणून हवेचा दाब, ते छिद्र आणि ती टोपी, या तिन्हींपैकी एक जरी बिघडलं तरी काम थांबतं.

तपासणीसाठी पेशंटचं औषध वाया घालवू नका. कपात ३ मिली नॉर्मल सलाईन, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारं मिठाचं निर्जंतुक पाणी, घाला आणि बघा. मशीन चालू केल्यावर काही सेकंदांत दाट वाफ दिसली पाहिजे.

१. वीज आणि विश्रांती

मशीन मध्येच बंद पडत असेल तर ते किती वेळ सलग चाललंय ते आधी बघा. पुष्कळ घरगुती मशीनना वीस-तीस मिनिटं चालल्यावर तेवढीच किंवा त्याहून जास्त विश्रांती लागते. नेमका आकडा मशीनसोबतच्या पुस्तिकेत किंवा बुडाच्या लेबलवर असतो. घरात दोन मुलांना आणि मग आजोबांना लागोपाठ दिलं की मोटर तापते आणि आतलं संरक्षण तिला बंद करतं. हा बिघाड नाही. तासभर थंड होऊ द्या.

संध्याकाळी व्होल्टेज पडतं अशा गावात मोटर गुरगुरते पण दाब येत नाही. दुसऱ्या वेळी, दुसऱ्या सॉकेटवर लावून बघा. साध्या, स्वस्त इन्व्हर्टरवरही मोटर नेहमीपेक्षा जास्त तापते आणि आवाज करते. लाईट आल्यावर मशीन नीट चालत असेल तर दोष इन्व्हर्टरच्या विजेत आहे.

२. मशीन कुठे ठेवलंय, कप कसा धरलाय

मशीन गादीवर, रजईवर ठेवू नका. हवा आत घेणारी भोकं झाकली जातात आणि कापसाचे तंतू आत ओढले जातात. टेबल, पाट, फरशी, काहीही कडक चालेल. कप उभा लागतो. पेशंट आडवा झोपला आणि कप कलंडला की औषध छिद्रापासून दूर जातं आणि वाफ थांबते. "कप हलवला की वाफ येते" या तक्रारीचं हे नेहमीचं कारण. पेशंटला उशांचा आधार देऊन बसवा. बाळाला मांडीवर उभं धरा.

३. कपातली ती छोटी टोपी

आवाज नेहमीसारखा आणि वाफ शून्य असेल तर माझा पहिला संशय इथे असतो. कप फिरवून उघडा. काही कपांत टोपी झाकणालाच जोडलेली असते, काहींत ती सुटी असते. सुटी टोपी बोटाच्या पेराएवढीसुद्धा नसते आणि धुताना सिंकच्या जाळीतून जाते. तिच्याशिवाय वाफ होणारच नाही, मशीन नवं आणलं तरी नाही. टोपी असेल तर नळकांडीवर सरळ बसलीय का ते बघा. झाकणाचे आटे पूर्ण फिरलेत का, कपाला उभी चीर गेलीय का, हेही बघा. चीर डोळ्यांना दिसत नाही, पण कप प्रकाशाकडे धरून हलकासा दाबला की उमटते.

औषधाचं मापही इथेच तपासा. प्रत्येक कपात शेवटी सुमारे १ मिलीपर्यंत औषध उरतं, ते कधीच वाफ होत नाही. बुडेसोनाइड या स्टिरॉइड औषधाची २ मिलीची कुपी एकटी घातली तर बराच भाग असाच मागे राहतो. त्यात किती सलाईन मिसळायचं ते डॉक्टरांना विचारून लिहून ठेवा. साध्या पाण्याने माप कधीच वाढवू नका. नळाचं असो, आरओचं असो की उकळलेलं, साध्या पाण्याची वाफ दम्याच्या श्वासनळ्यांना आकुंचन आणू शकते, आणि न उकळलेल्या पाण्यातले जंतू थेट फुप्फुसात जातात ते वेगळंच.

४. नळी

नळीची दोन्ही टोकं काढून पुन्हा घट्ट बसवा. जुन्या नळीचं टोक सैल होतं आणि तिथून हवा निसटते. मशीन चालू ठेवून ओल्या बोटाने टोकाभोवती चाचपलं की हवा लागते. टोक साधं, जोड नसलेलं असेल तर कात्रीने अर्धा इंच कापून पुन्हा घट्ट बसवता येतं. नळी कुठे मुडपलीय का, पलंगाच्या पायाखाली आलीय का, तेही बघा.

आत पाण्याचे थेंब दिसले तर कप काढून, फक्त नळी लावून मशीन काही मिनिटं चालवा. नळी धुवायची नसते. तिच्यातून फक्त हवा जाते आणि आत गेलेलं पाणी वाळायला फार वेळ लागतो. पावसाळ्यात आंबा घाटापलीकडून येणाऱ्या मशीनच्या नळ्यांत काळपट ठिपके मी नेहमी बघतो. ती बुरशी आहे. अशी नळी साफ करत बसू नका, टाकून द्या.

५. फिल्टर

मशीनच्या अंगावर नाण्याएवढं झाकण असतं. ते नखाने उचकटलं की आत पांढरी गोल गादी दिसते. पुष्कळांना ती असते हेच माहीत नसतं. विकणाऱ्याने सांगायला हवं, पण सांगत नाहीत.

मागच्या थंडीत जतकडचे एक काका मशीन घेऊन आले. "दादा, मोटर गेली बघा." मी झाकण काढून गादी त्यांच्या तळहातावर ठेवली. कडेला बारीक पांढरी कड उरली होती, मध्ये काळीकुळकुळीत, आणि तिला अगरबत्तीचा वास येत होता. मशीन देवघराखालच्या कप्प्यात ठेवून तिथेच चालवत होते. नवी गादी घातली, कप भरला, आणि वाफ काचेच्या कपाटापर्यंत गेली. काका एवढंच म्हणाले, "म्हणजे हा सगळा धूर पोरगं पण घेत होतं की."

ते खरंच आहे. अगरबत्ती, धूप, मच्छरची कॉइल, चुलीचा धूर, गळीत हंगामात कारखान्याजवळच्या घरांत पडणारी काजळी, यांतलं जे फिल्टर काळा करतं तेच पेशंटच्या छातीतही जातं. फिल्टर करडा झाला की बदला. करडा झाला नसला तरी रोजच्या वापरात साधारण दोन महिन्यांनी बदलाच. धुवून पुन्हा बसवू नका, ओली गादी हवा अडवते. तिच्या जागी कापूसही कोंबू नका, तंतू आत जाऊन मशीनच्या झडपेत अडकतात. फिल्टर काढून क्षणभर मशीन चालवल्यावर वाफ वाढली, तर दोष सापडला. पण फिल्टरशिवाय औषध देऊ नका.

६. अंगठ्याची तपासणी

दोष मशीनमध्ये आहे की कपात, हे इथे ठरतं, म्हणून ही तपासणी टाळू नका. नळी काढा, मशीन चालू करा आणि हवा येते त्या तोंडावर अंगठा दाबा. अंगठ्याला जोराचा रेटा जाणवला पाहिजे, मोटरचा आवाज जड झाला पाहिजे आणि अंगठा उचलताच फुस्सकन हवा सुटली पाहिजे. असं झालं तर मशीन बरं आहे, पुढची मेहनत कपावर करा. रेटा नसेल, झुळूकच लागत असेल आणि फिल्टर नवा असेल, तर आतली सील किंवा झडप गेलीय. तिथून पुढे घरी करण्यासारखं काही नाही. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ तोंड बंद धरू नका.

७. छिद्रात साचलेले क्षार

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या बोअरवेलच्या पट्ट्यात हे फार दिसतं. कप नळाखाली धुतात, तसाच वाळू देतात, आणि पाणी उडून गेलं की क्षार मागे राहतात. बॅटरीच्या उजेडात नळकांडीचं टोक बघा. छिद्राभोवती पांढरी कडी आणि कपाच्या तळाला खरबरीत थर असेल तर तेच.

सुई, टाचणी, झाडूची काडी आत घालू नका. सगळ्यांत जास्त कप याच उपायाने वाया जातात. सुईने छिद्र रुंद होतं, वाफ तर दिसते, पण थेंब मोठे पडतात आणि औषध घशातच राहतं. बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि पेशंटला उतार पडत नाही. त्याऐवजी एक वाटी पांढरा व्हिनेगर आणि तीन वाट्या पाणी असं मिश्रण करून कपाचे भाग अर्धा तास बुडवून ठेवा, मग भरपूर धुवा, उकळा आणि वाळवा. पुस्तिकेत व्हिनेगर चालत नाही असं असेल तर करू नका. व्हिनेगरने क्षार जातात, पण जंतू मारण्यासाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

८. नवं किट

कप, नळी आणि मास्कचं किट मशीनच्या मानाने अगदी कमी किमतीत मिळतं. वरचं सगळं करून वाफ आली नाही आणि अंगठ्याची तपासणी चांगली आली असेल, तर नवं किट घ्या. वापराने छिद्र झिजतं, प्लॅस्टिक धुरकट होतं. चांगला, पुन्हा वापरायचा कपही रोजच्या वापरात सहा महिने ते वर्षभरात बदलायचा असतो. दवाखान्यातून मिळालेलं साधं किट तर त्याहून कमी टिकतं. घरात मशीन एकच चालेल, पण किट प्रत्येकाचं वेगळं हवं. शेजाऱ्यांना मशीन दिलं तरी किट देऊ नका.

वाफ भरपूर आहे, पण उतार नाही

इथे मास्क बघा. बाळ रडतं म्हणून आई मास्क चेहऱ्यापासून चार बोटं लांब धरते. वाफ चेहऱ्यावर पसरलेली दिसते, पण छातीत जाणारं औषध कितीतरी घटतं. रडतानाही औषध नीट आत जात नाही. बाळाला शांत करून, गोष्ट सांगत, मास्क नाकातोंडावर हलकेच टेकवून द्या. मोठ्या माणसांनी, सांगितलेलं कळतं अशा मुलांनी मास्कऐवजी तोंडात धरायची नळी वापरावी. डोळ्यांत वाफ गेलेली चालत नाही, काचबिंदूच्या पेशंटना तर मुळीच नाही. इप्राट्रोपियम असलेल्या औषधाने डोळ्यांतला दाब वाढू शकतो.

कपात निलगिरीचं तेल, बाम, कापूर, ओव्याचं पाणी घालणारे लोक आहेत. तेलकट काहीही फुप्फुसात गेलं तर न्यूमोनियासारखी सूज येऊ शकते. नेब्युलायझरमध्ये डॉक्टरांनी लिहिलेलं औषध आणि नॉर्मल सलाईन, बाकी काही नाही. सीओपीडीच्या (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या) पेशंटला घरच्या ऑक्सिजन सिलेंडरवर नेब्युलायझर जोडायचा असेल तर तेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय नको. काहींच्या रक्तात त्याने कार्बन डायऑक्साइड वाढतो.

धुण्याची पद्धत, ज्याने यातलं निम्मं टळतं

औषध देण्याआधी हात साबणाने धुवा. झाल्यावर कपात उरलेलं ओतून द्या. उघडलेली कुपी दुपारसाठी ठेवू नका. कप, टोपी, तोंडाची नळी, मास्क सुटे करून भांडी धुण्याच्या पातळ साबणाच्या पाण्यात हलकेच धुवा. घासणी नको, राख-पावडर नको, डेटॉल तर अजिबात नको, त्याचा अंश पुढच्या वाफेबरोबर छातीत जातो. शेवटचं विसळणं उकळून गार केलेल्या पाण्याने करा. पाणी झटकून स्वच्छ कागदी रुमालावर सुटे भाग उघडे वाळवा. आतून पंचाने पुसू नका. ओले भाग डब्यात बंद करू नका, ओलीतच जंतू वाढतात. घाई असेल तर कप जोडून मशीन दोन मिनिटं रिकामं चालवा, आतलं पाणी उडून जातं.

वापर चालू असेल त्या दिवसांत दिवसातून एकदा कपाचे भाग उकळा. एक पातेलं फक्त यासाठी ठेवा. बुडाला स्वच्छ फडकं घाला, म्हणजे प्लॅस्टिक तळाला चिकटणार नाही. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर पाच मिनिटं. बोअरचं पाणी असेल तर उकळायला आरओचं पाणी घ्या, नाहीतर क्षार पुन्हा बसतात. मास्क आणि हवेची नळी सहसा उकळत्या पाण्यात वाकड्या होतात, त्या घालू नका. कप उकळण्याजोगा आहे का तेही पुस्तिकेत बघून घ्या. मशीन पाण्याखाली कधीही नाही. प्लग काढून, पिळलेल्या फडक्याने पुसायचं.

बुडेसोनाइड दिल्यावर चूळ भरायला लावा आणि मास्क असेल तर चेहराही धुवा. तोंडात पांढरे चट्टे येण्याचं टळतं. हे औषध अल्ट्रासोनिक मशीनमध्ये, म्हणजे हवेऐवजी ध्वनिकंपनांनी वाफ करणाऱ्या मशीनमध्ये, चालत नाही. बॅटरीच्या जाळीवाल्या मशीनमध्ये जाळीला बोट, कापूस, ब्रश लावू नका. ती एकदा फाटली की बदलावीच लागते.

इथे थांबा, मशीन दुरुस्तीला द्या

जळका वास, धूर, अंगाला हात लावल्यावर झिणझिणी, वायर सोललेली, प्लग काळा पडलेला, फ्यूज वारंवार उडणं: लगेच सॉकेटचं बटण बंद करून मग प्लग काढा आणि पुन्हा लावून बघू नका. अंगठ्याला रेटा नाही, आतून खडखड येतेय, थंड झाल्यावरही मशीन सुरू होत नाही, पाणी आत गेलंय, तरीही तेच. आत २३० व्होल्ट खेळतात. झाकणाचे स्क्रू काढू नका, वॉरंटीचं सील तुटतं ते वेगळं. आवाज कमी व्हावा म्हणून शिलाई मशीनचं तेल सोडलेली मशीन माझ्याकडे आली आहेत. ही मशीन मुद्दाम तेलाशिवाय चालतील अशी बनवलेली असतात. आत गेलेलं तेल हवेबरोबर पेशंटच्या छातीत जातं. तेल घातलेलं मशीन मी दुरुस्त करून परत देत नाही.

देताना मशीनसोबत कप, नळी, मास्क, सगळं द्या, कारण निम्म्या वेळा दोष त्यातच असतो. परत घेताना किट जोडून, सलाईन घालून तुमच्यासमोर चालवायला सांगा, आणि दाब मोजला का ते विचारा. नवी सील टाकून दाब येत नसेल तर त्या मशीनवर आणखी खर्च करू नका. मशीन दुकानात असेल तेवढे दिवस काय करायचं ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून घ्या. बऱ्याच पेशंटना तेवढ्यापुरता इन्हेलर आणि स्पेसर पुरतो, ज्यांना पुरत नाही त्यांनी दुकानातून तात्पुरतं मशीन मागून न्यावं.